टायरला दोन बोटं माया

मावशींचं माप चुकलं, असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. हे गल्लीत कुणीही सांगेल. कारण मावशींनी ते प्रत्येकाला स्वतः सांगून ठेवलेलं आहे!

शिवणकामाला चाळीस वर्षं झाली. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत. पण माणूस दारातून आत आला की नजरेनंच छाती, कंबर, खांदा सांगून मोकळ्या. टेप लावायचा तो गिऱ्हाइकाच्या समाधानापुरता. गळ्यात टेप, कानावर खडू, आणि उजव्या खांद्यावर लाल डोक्याच्या टाचण्यांची खोचलेली रांग, सेनापतीच्या बिल्ल्यांसारखी. त्यातल्या दिवसाला चार-दोन कुठेतरी पडतात. पडायच्याच. सेनापतीचे शिपाईसुद्धा पडतात.

मावशींचा धर्म एकच, माया. म्हणजे शिवणीच्या आत जे जादा कापड सोडून ठेवतात ते. दुसरे शिंपी बोटभर सोडतात, मावशी दोन बोटं. "अंग आज आहे तेवढंच उद्या राहतं का?" असा त्यांचा सवाल. हा धर्म त्यांनी घरातही लावला होता. यजमानांच्या चपलासुद्धा एक नंबर मोठ्या. तो भला माणूस तीस वर्षं घरभर फटक फटक वाजत फिरतो आहे.

तर शनिवारी सकाळी इलेक्ट्रिक सायकलचं मागचं चाक बसलं. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा!

आता ही सायकल म्हणजे मावशींचे गुडघे. स्वतःचे दोन होते ते मशीनच्या पायट्याला वाहिले, म्हणून सूनबाईनं गेल्या वर्षी ही बॅटरीची सायकल आणली. मागे भक्कम कॅरिअर, दोन्ही चाकांवर काळी चकचकीत मडगार्डं. मावशी त्यावरून ऐटीत गावभर कपडे पोचवत. आणि सोमवारी तर सगळ्यात मोठी फेरी होती. चढावरच्या हॉस्पिटलात दहाच्या ठोक्याला नर्सचे चोवीस पांढरे कोट द्यायचे होते. हे चोवीस मेट्रनबाईंना पसंत पडले तर सबंध हॉस्पिटलचं शिवण मावशींकडे. नाही पडले तर समोरच्या रेडीमेडवाल्याकडे. तो मेला आठ दिवस दुकानाच्या पायरीवर उभा राहून मावशींकडे बघून हसत होता, जणू कोट त्याच्याच दोरीवर वाळत आहेत.

"डॉक्टरला दाखव," यजमान पेपरातून म्हणाले. डॉक्टर म्हणजे कोपऱ्यावरचा सायकलवाला. कान लावून ट्यूबची धाप ऐकतो, म्हणून डॉक्टर. "पंक्चर काढून देईल."

"दोनदा काढलं त्यानं. ठिगळाला ठिगळ किती लावायचं? मी शिवणारी बाई आहे, मला ठिगळं शिकवू नका! कापडच कुजलंय. नवा टायर घ्यायचा."

"आई, आधी आत काय घुसलंय ते तरी—" सूनबाईनं तोंड उघडलं.

"घुसायला कापड विरलेलं लागतं. नवा घ्यायचा म्हटलं ना!"

सूनबाई शिकलेली. ती गुडघे टेकून बसली आणि टायरच्या कडेला छापलेलं वाचू लागली. "बरं, मग हा नंबर लिहून घेते. अठ्ठावीस बाय दीड."

"लिहिणाऱ्याच्या बापाचं काय जातं? रेडीमेडच्या शर्टावरही चाळीस लिहिलेलं असतं. पोटावरचं बटण लागतं का?" मावशींनी गळ्यातला टेप ओढला. "सरक. मी घेते माप."

आणि मावशींनी टायरची छाती मोजली! हो, छातीच. टेप टायरभोवती गुंडाळला, हवा गेलेला तो लोळागोळा दोन्ही हातांनी दाबून बघितला, एक बोट आत घालून टेप सैल केला आणि आकडा पाठ केला.

"यात दोन बोटं माया धरायची. धुतल्यावर आटतं."

"आई, रबर आटतं?"

"पाण्यात गेलं की सगळंच आटतं. तुझे सासरे नाही आटले?"

पेपर एक इंच वर सरकला.

डॉक्टरचं दुकान म्हणजे एक खोली, एक पंप आणि पाण्याचं एक घमेलं. भिंतीवर टायर असे टांगलेले, की वाटावं हत्तीणींच्या बांगड्यांचं दुकान आहे.

"कोणता नंबर, मावशी?"

"नंबर चपलेला असतो. मी माप आणलंय."

डॉक्टरनं माप ऐकलं. डोकं खाजवलं. "चाक अठ्ठावीसचं, ते मला ठाऊक आहे. प्रश्न रुंदीचा. तुम्ही सांगताय ते फार रुंद होईल. तुमच्या सायकलला मडगार्ड आहे ना? टायर आणि मडगार्ड यांच्यात किती जागा आहे?"

"पुरेशी आहे. तंग कपडा माझ्या घरात राहतच नाही."

"तरी मोजलीत का?"

"डॉक्टर, तुम्ही पंक्चर काढता तेव्हा मी मध्ये बोलते का?"

मावशी नेहमीच मध्ये बोलत. पण डॉक्टर सभ्य माणूस. त्यानं एक साधा टायर खाली उतरवला. "हा घ्या. जुन्याच मापाचा, वजनदार इलेक्ट्रिक सायकलींसाठीच केलेला. आतून जाड अस्तर आहे, खिळे-बिळे सहज आत जात नाहीत. डांबरी रस्त्याला गुळगुळीतच बरा."

मावशींनी टायर अंगठा आणि बोट यांत धरून चुरगाळला. पोत बघितला. उजेडात धरला. वास घेतला. "अंगच नाही याला. अस्तर आतून, दिसणार कुणाला? तो वरचा काढा."

वरचा म्हणजे काय! बोटभर जाड, अंगभर गाठी-गाठी, फणसाचा सख्खा भाऊ!

"मावशी, तो डोंगरातल्या चिखलात जाणाऱ्या पोरांचा आहे."

"हॉस्पिटलही चढावरच आहे. याला म्हणतात कापड! बांधा."

"मग सायकल इथं आणा. मी बसवून बघतो. एकदा बसवलेला टायर मी परत घेत नाही हं."

"मीही शिवलेलं परत घेत नाही," मावशी म्हणाल्या आणि टायर खांद्यात अडकवून चालू लागल्या. वाटेत रेडीमेडवाला हसला. मावशींनी त्याच्याकडे अशी नजर टाकली, की तो मनातल्या मनात आखूड झाला.

रविवारी दुपारी अंगणात शस्त्रक्रिया झाली. यजमानांनी सायकल उलटी धरली, सूनबाईनं चाक सोडवलं, जुना टायर काढला, ट्यूबला ठिगळ मारलं आणि ती नव्या टायरमध्ये घालून चाक जागेवर बसवलं. चाक मडगार्डाखाली अलगद शिरलं. फिरवलं, फिरलं!

"बघ!" मावशी कडाडल्या. "म्हणे अठ्ठावीस बाय दीड! गेलं की नाही मापात? तो डॉक्टर आणि तू, दोघं माझ्या हाताखाली काजं करायला बसा!"

"आई," सूनबाई हळूच म्हणाली, "हवा भरायची आहे अजून."

यजमान पंप मारू लागले. पाच झाले. टायरनं अंग धरलं. दहा झाले. टायर गुटगुटीत झाला. चौदा झाले आणि मडगार्ड कुरकुरलं. पंधराव्या झटक्याला टायर मडगार्डाला असा जाऊन चिकटला, जसा जेवणानंतर पोटाला पट्टा. चाक जागच्या जागी थांबलं.

"थोडी हवा कमी करा," मावशी म्हणाल्या.

कमी केली. चाक फिरलं. मावशी सायकलवर बसून बघायला गेल्या, तर टायर खाली बसला आणि लोखंडी रिम जमिनीला टेकली.

"थोडी भरा."

भरली. चाक अडकलं.

"मोटरच्या जोरावर फिरेल. गिऱ्हाईकसुद्धा आधी तंग म्हणतं, मग अंगाला बसतं." मावशींनी पायटा मारला. मोटर गुरगुरली, सायकल फूटभर सरकली, आणि रबर जळाल्याचा असा वास सुटला की शेजारीण दूध उतू गेलं समजून स्वतःच्या स्वयंपाकघरात धावली.

सूनबाई काही बोलली नाही. सुनेनं न बोलणं हे बोलण्यापेक्षा झोंबतं, हे सगळ्या सासवांना ठाऊक आहे.

"जुना टायर परत चढवू या का?" यजमानांनी विचारलं. "डॉक्टरकडून पंक्चर—"

"मी घेतलेलं माप मागे घेऊ? चाळीस वर्षांत नाही घेतलं!" मावशींनी मडगार्डाकडे पाहिलं. चक्रम गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं. "चूक टायरची नाहीच. हे मडगार्ड म्हणजे करायचं काय? नुसती झालर! काढा ती मागची."

"अगं, चिखल उडू नये म्हणून असतं ते."

"चिखल आहे कुठे? रस्ता ठणठणीत कोरडा. काढा!"

यजमानांनी तीन स्क्रू काढले. चाक झोकात फिरलं. मडगार्ड सूनबाईनं उचलून आत नेलं, आणि तेही असं जपून, की उद्या लागणारच आहे.

सोमवारी सकाळी मावशींनी फिकट आकाशी पोशाख घातला. स्वतः शिवलेला, तीन धुण्यांनंतरही कोरा दिसणारा. खांद्यावर टाचण्यांची ताजी पलटण. कोटांची बारा-बाराची दोन गाठोडी पांढऱ्या चादरींत बांधून कॅरिअरच्या दोन बाजूंना लटकवली.

"आई, वरून प्लास्टिक घालू का?"

"प्लास्टिकात कपड्याला घाम येतो."

आणि मावशी निघाल्या. गाठींचा टायर डांबरावरून असा घर्रर्र वाजत होता, जसं मशीनच पळतं आहे. मावशींना तो आवाज फार आवडला. टायर कसा ऐकू आला पाहिजे!

आता त्या दिवशी, त्याच वेळी, त्याच रस्त्यावर रस्ते धुणारी गाडी येऊन गेली होती, याला मावशी काय करणार? पाटभर पाणी आणि आठवड्याची धूळ, दोन्हींचं छान काळंभोर कालवण रस्ताभर पसरलेलं. मावशी आपल्या पुढे बघून चालवत होत्या. पुढचं मडगार्ड जागेवर होतं, त्यामुळे पाय कोरडे. मागे काय चाललं आहे ते मागच्यांनाच दिसत होतं.

"मावशी!" फळवाला ओरडला. "अहो, मागे बघा मागे!"

"नवा आहे!" मावशींनी हात केला.

"मावशी, मागे!" पोस्टमन सायकल थांबवून ओरडला.

"कालच बसवला! डॉक्टरकडे मिळतो!"

बसस्टॉपवरची सगळी रांग माना वळवून बघत राहिली. मावशींनी पाठ आणखी ताठ केली. चौकातल्या ट्रॅफिक पोलिसानं शिट्टी फुंकली आणि बोटानं मागे दाखवलं. "बाई, मडगार्ड कुठंय तुमचं?"

"तंग होतं, काढून टाकलं!" मावशी म्हणाल्या आणि चढाला लागल्या. लोक एका टायरचं एवढं कौतुक करतील, असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

हॉस्पिटलात शिरल्या तेव्हा दहाला पाच कमी होते. मेट्रनबाई म्हणजे इस्त्री केलेली बाई. कपाळावर सुरकुती नाही, कपड्यावर चुणी नाही. हातात यादी. समोर सहा नर्स मापासाठी उभ्या.

"वेळेवर आलात," त्या म्हणाल्या. "उघडा."

मावशींनी गाठोडं टेबलावर ठेवलं, गाठ सोडली आणि वरचा कोट ऐटीत झटकून पसरला.

पांढऱ्याशुभ्र कोटाच्या पाठीवर मधोमध, खालपासून वरपर्यंत, काळ्या ठिपक्यांची एक सरळ रेघ होती. इतकी सरळ, की पट्टी धरून मारली तरी तशी येणार नाही.

"ही नक्षी आहे?" मेट्रनबाईंनी विचारलं.

मावशींनी दुसरा कोट काढला. रेघ. तिसरा. रेघ. चाकाकडच्या बाजूनं चिखल चादरीतून पाझरून आत गेला होता. दोन्ही गाठोड्यांतले मिळून सात कोट. मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. रस्त्यावरचं नाही पळालं, हेच दुर्दैव.

"कोणीतरी गाठोड्यावर..." मावशी म्हणाल्या आणि रागानं दाराकडे वळून बघू लागल्या.

त्यांची पाठ सहा नर्सना दिसली. कमरेपासून मानेपर्यंत, आणि मानेपासून थेट अंबाड्यापर्यंत, तीच रेघ! सहाच्या सहा नर्स आधी खोकल्या, मग एकमेकींना धरून खाली बसल्या. मेट्रनबाईंच्या कपाळावर नोकरीतली पहिली सुरकुती पडली.

"बाई, तुम्ही स्वतः छापखान्यातून आलात का?"

मावशींनी हात मागे नेला. बोटं काळी होऊन पुढे आली. तेव्हा त्यांना फळवाला आठवला. पोस्टमन आठवला. सबंध बसस्टॉप एकेका चेहऱ्यानिशी आठवला.

"माप बघा," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "डाग धुऊन जातो. माप धुऊन जात नाही. माप बघून मग काय ते बोला."

मेट्रनबाईंनी एक क्षण विचार केला आणि कोरे कोट नर्सना घालायला लावले. हात वर, हात खाली, वाका, उठा. एकही कोट कुठे ओढला नाही, काखेत रुतला नाही.

"माप चांगलं आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. मावशींचा श्वास परत सुरू झाला. "सात कोट इथल्या धुलाईत टाकते. डाग गेले तर पुढचं बोलू. आणि बाई, तुमचा पोशाखही द्या. या अवतारात मी तुम्हाला वॉर्डांपासून दहा फुटांवरही उभं राहू देणार नाही. सिस्टर, यांना पेशंटचा गाउन द्या."

गाउन! मागून उघडा, नुसत्या नाड्यांचा, सगळ्यांना एकच माप असलेला, गोणीला बाह्या लावाव्यात तसा हॉस्पिटलचा गाउन! मावशींनी तो बोटांच्या चिमटीत धरला. चाळीस वर्षांत दुसऱ्यानं शिवलेलं त्यांनी अंगाला लावलं नव्हतं. पण पर्याय काय? घातला. खांदा कोपरावर आला, गळा खांद्यावर आला, आणि मागून तर विचारूच नका. वारा येत-जात होता.

मावशी पाठ भिंतीला लावून दीड तास बाकावर बसल्या. पण हात गप्प बसेनात. आधी त्यांनी पोशाखावरून काढून ठेवलेल्या टाचण्या घेतल्या. एक खांद्यावर चुणी घेऊन खोचली. एक गळ्याशी. मग मागच्या फटीत वरून खाली ओळीनं अकरा. गाउन अंगाला बसला!

सात कोट पांढरे होऊन आले. मावशींचा आकाशी पोशाख मात्र आला नाही. चिखल त्याला जास्त आवडला होता. तो भिजत ठेवलाय, उद्या घेऊन जा, असं कळलं.

मेट्रनबाई मावशींभोवती एक फेरी मारून आल्या. "कोटांची ऑर्डर तुम्हाला. आणि हे गाउनही नवे शिवायचे आहेत. दोनशे. असे, मागून झाकणारे."

मावशींच्या डोळ्यांत दिवे लागले. "शिवते की! पेशंटना एकेक करून पाठवा. मापं घेते."

"बाई, पेशंट येतो आणि जातो. गाउन इथंच राहतो. सगळ्यांना एकच माप."

एकच माप! रेडीमेड! तोंडावर आलेलं वाक्य मावशींनी जिभेखाली दाबलं, आणि चाळीस वर्षांत प्रथमच कुणाला तरी म्हणाल्या, "बरं."

सायकल त्यांनी उतारावरून हातानं ढकलत आणली. गाउनमध्ये, अकरा टाचण्यांच्या भरवशावर, गावच्या भर रस्त्यानं. फळवाल्यानं तोंड उघडलं होतं. मावशींनी नुसतं बघितलं, तसा तो संत्री मोजायला लागला.

डॉक्टरच्या दुकानात सूनबाई आधीच उभी होती. एका हातात जुना टायर, दुसऱ्या हातात मडगार्ड. घरी पोस्टमन येऊन गेला होता. सासूबाईंचा गाउन तिनं एकदाच वरून खाली पाहिला आणि ओठ दातांत धरले. पोर गुणाची.

"ऑर्डर मिळाली," मावशींनी आधीच सांगून टाकलं. "बाकी काही विचारू नकोस."

डॉक्टरनं जुना टायर घेतला, आतून बोट फिरवत नेलं आणि एका जागी थांबला. चिमट्यानं ओढून काहीतरी बाहेर काढलं आणि तळहातावर ठेवलं.

टाचणी. लाल डोक्याची.

"टायर झकास आहे, मावशी. अजून दोन वर्षं मरण नाही त्याला. फक्त अस्तर नाही आत." मग त्यानं खिडकीतली एक डबी उघडली. आत तशाच आणखी दोन होत्या. "ही पहिल्या वेळची. ही दुसऱ्या."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलत होतो. तुम्ही मध्ये बोललात."

सूनबाई एकदम पाठमोरी होऊन भिंतीवरचे टायर मोजू लागली. तिचे खांदे हलत होते.

डॉक्टरनं ट्यूब घमेल्यात बुडवून तपासली, जुना टायर चढवला, मडगार्डाचे तीन स्क्रू आवळले, हवा भरली. चाक फिरवलं. टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटभर जागा होती. बरोबर बोटभर.

"एक लक्षात ठेवा," मावशी सायकलवर चढता चढता म्हणाल्या. गाउन सावरण्यासाठी त्यांनी पाठीमागून तो एक हिसका देऊन ओढला. "माझं माप चुकलं नव्हतं. मडगार्डच मुळात तंग शिवलेलं आहे!"

आणि त्या ऐटीत निघाल्या. सूनबाई मागून चालू लागली. वाटेत लाल डोक्याचं काहीतरी चमकलं, म्हणून ती उचलायला वाकली. मग आणखी एक. मग आणखी एक. पाच पावलांत पाच.

"आई!" तिनं हाक मारली. "आई, मागे बघा!"

"नवा नाहीये!" मावशी ओरडल्या. "जुनाच आहे!"

डॉक्टर दारात उभा राहून बघत होता. पाण्याचं घमेलं त्यानं अजून आत नेलं नव्हतं.